प्रॉडवर नेमकं काय चालू आहे? रिलीज पाइपलाइन सगळ्या टीमला दिसेल अशी कशी करायची

‘प्रॉडला गेलं का?’ हा प्रश्न टीमच्या चॅटवर रोज कोणी ना कोणी विचारत असेल, तर तुमचं रिलीज ऑटोमेट झालंय, पण दिसत नाही असं समजा. बटण दाबलं की बिल्ड होते, टेस्ट चालतात आणि प्रॉडवर, म्हणजे ग्राहक वापरतात त्या प्रॉडक्शन सर्व्हरवर, डिप्लॉय होतं (नवा कोड चढतो). या साखळीलाच पाइपलाइन म्हणतात. मात्र काय गेलं, कुठल्या सर्व्हरवर गेलं आणि तिथे ते नीट उभं राहिलं का, याचं उत्तर ज्याने पाइपलाइन लिहिली त्या एकाच माणसापाशी असतं. तो चार दिवस गावी गेला की बाकीचे लॉग चाळत बसतात.

हा लेख अशा टीममध्ये नव्याने आलेल्यांसाठी आहे. डेव्हऑप्सचा अनुभव लागत नाही. गिट वापरता येत असेल आणि वायएएमएल फाइल वाचता येत असेल तर पुरे. उदाहरणं गिटहब ॲक्शन्सची, म्हणजे गिटहबच्या पाइपलाइन चालवण्याच्या सोयीची, घेतली आहेत. जेनकिन्स किंवा गिटलॅबवर काम करत असाल तर सेटिंगची नावं बदलतील, कामाचा क्रम तोच राहील. ही नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत, फाइलमध्ये ती अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाकायची.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनात पक्की करा. पाइपलाइन पूर्ण झाली की दिसणारी हिरवी टिक एवढंच सांगते की स्क्रिप्ट संपली. नवी आवृत्ती वापरणाऱ्यांपर्यंत पोचली का, हे वेगळं तपासावं लागतं आणि वेगळं दाखवावं लागतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या यासाठीच आहेत.

न दिसण्याची किंमत किती असू शकते?

१ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर बाजारातल्या मोठ्या कंपनीत जे झालं, ते या कामात पडणाऱ्या प्रत्येकाने वाचावं. नवा कोड आठ सर्व्हरवर जायचा होता, तो सातवर गेला. आठव्यावर जुनं, कधीच बंद केलेलं फंक्शन तसंच राहिलं आणि बाजार उघडल्यावर ते जागं झालं. साधारण पाऊण तासात त्या यंत्रणेने चाळीस लाखांहून जास्त ऑर्डर बाजारात सोडल्या आणि कंपनीचं ४० कोटी डॉलरहून अधिक नुकसान झालं.

यातल्या दोन गोष्टी आपल्या विषयाच्या आहेत. अमेरिकेतल्या शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनने २०१३ मध्ये काढलेल्या आदेशात नोंद आहे की त्या दिवशी बाजार उघडण्याआधीच कंपनीच्या एका यंत्रणेने चूक दाखवणारे ९७ ईमेल कर्मचाऱ्यांना पाठवले होते. ते ईमेल इशारा म्हणून बघायचे असतात असं कोणी ठरवलेलंच नव्हतं, त्यामुळे त्यांवर काही कृती झाली नाही. दुसरी गोष्ट याहून वाईट. घोळ सुरू झाल्यावर टीमने ज्या सात सर्व्हरवर नवा कोड बरोबर गेला होता, तिथून तो काढून टाकला. मग ते जुनं फंक्शन तिथेही जागं झालं, आणि घोळ वाढला. कुठल्या सर्व्हरवर काय आहे हे समोर दिसत असतं, तर असा निर्णय कोणी घेतला नसता.

पायरी १: कोण काय विचारतं ते लिहून काढा

टूलकडे वळण्याआधी कागद घ्या. टेस्टर विचारतो, स्टेजिंगवर (प्रॉडआधीच्या चाचणी सर्व्हरवर) कोणती बिल्ड आहे? सपोर्टवाली ताई विचारते, ग्राहकाने कळवलेला बग फिक्स होऊन गेला का? रात्री ऑन-कॉल असलेल्याला, म्हणजे बिघाड झाला तर बघायची ज्याची पाळी आहे त्याला, हवं असतं की शेवटचा बदल किती वाजता झाला आणि मागे कसं जायचं. मॅनेजरला हवं असतं की रिलीज कुठे अडलंय आणि कोणाच्या मंजुरीसाठी.

हे प्रश्न विचारणाऱ्यांच्या शब्दांतच लिहा. टीमगणिक ते वेगळे निघतात, आणि हीच तुमच्या कामाची यादी. कोणीच विचारत नाही अशा माहितीचा डॅशबोर्ड बांधू नका. तो कोणी उघडत नाही आणि दोन-तीन महिन्यांत त्यातले आकडे शिळे होतात.

पायरी २: ॲपलाच स्वतःची आवृत्ती सांगू द्या

बाकी काही जमलं नाही तरी एवढं कराच. ॲपमध्ये एक साधा पत्ता ठेवा, समजा ‘स्लॅश व्हर्जन’. तो उघडला की चार गोष्टी दिसाव्यात: आवृत्ती क्रमांक, कमिट, बिल्डची वेळ आणि एन्व्हायर्न्मेंटचं नाव (स्टेजिंग की प्रॉडक्शन). गिटचा कमिट हॅश ४० अक्षरांचा असतो, पण ओळखायला पहिली सात पुरतात.

आवृत्ती आणि कमिट बिल्ड होतानाच त्यात गोठवायचे. डिप्लॉयच्या वेळी बाहेरून भरलेली माहिती चुकू शकते, कारण तेव्हा फाइल एक आणि तिच्यावरची चिठ्ठी दुसरी असं होऊ शकतं. एन्व्हायर्न्मेंटचं नाव तेवढं बाहेरून आलं तर चालेल. डॉकर (ॲप आणि त्याला लागणारं सगळं एका ‘इमेज’मध्ये बांधून ‘कंटेनर’ म्हणून चालवणारं टूल) वापरत असाल तर प्रॉडक्शनवर ‘लेटेस्ट’ टॅग लावू नका. तो टॅग आज एका इमेजवर असतो, उद्या दुसरीवर, आणि चालू कंटेनरकडे बघून त्यातला कोड कुठला हे त्यावरून कळत नाही. टॅगमध्ये कमिट घाला.

हा पत्ता सगळ्या जगासाठी खुला ठेवायची गरज नाही, आतल्या नेटवर्कवर किंवा लॉगिनमागे असला तरी चालतो. महत्त्वाचं हे की तो प्रत्येक सर्व्हरवर वेगवेगळा विचारता आला पाहिजे. लोड बॅलन्सरला (येणाऱ्या विनंत्या सर्व्हरांमध्ये वाटणाऱ्या यंत्रणेला) एकदा विचारलं तर तो आठांपैकी कुठल्या तरी एकाचं उत्तर देतो, आणि मागे राहिलेला आठवा सर्व्हर लपूनच राहतो.

पायरी ३: नावं माणसांना समजतील अशी द्या

हे काम अर्ध्या तासाचं आहे आणि फायदा लगेच दिसतो. बहुतेक रिपॉझिटरींमध्ये ॲक्शन्सचा टॅब उघडला की ‘डिप्लॉय’, ‘डिप्लॉय’, ‘डिप्लॉय’ अशी रांग आणि बाजूला कमिटचे मेसेज दिसतात. वर्कफ्लोच्या फाइलमध्ये, म्हणजे पाइपलाइन जिच्यात लिहिलेली असते त्या वायएएमएल फाइलमध्ये, ‘रन-नेम’ ही ओळ घाला. वर्कफ्लो एकदा चालणं म्हणजे एक रन. तिच्यात आवृत्ती, एन्व्हायर्न्मेंट आणि ज्याने रन सुरू केला त्याचं नाव आपोआप भरता येतं. मग यादीतच वाचायला मिळतं: ‘२.१४.० प्रॉडक्शनवर’. वर्कफ्लोत जॉब असतात आणि जॉबमध्ये स्टेप. त्या स्टेपनाही नावं द्या. नाव दिलं नाही तर तिथे कमांडची पहिली ओळच दिसते, आणि लाल झालेली स्टेप शोधताना नव्या माणसाला काहीच उमगत नाही.

पायरी ४: हिरवी टिक खरी आहे का ते तपासा

इथे वेळ द्या. लाल पाइपलाइन सगळ्यांना दिसते, तिच्याकडे कोणी ना कोणी धावतं. घात करते ती खोटी हिरवी. ती कुठून येते त्याच्या काही ठरलेल्या जागा आहेत.

पहिली जागा म्हणजे शेलमधला पाइप, एका कमांडचं आउटपुट दुसरीला देणारी उभी रेघ. डिप्लॉयची कमांड चालवून तिचं आउटपुट ‘टी’ कमांडने फाइलमध्येही लिहायचं, ही सवय सगळीकडे आहे. पण पाइप असला की शेल शेवटच्या कमांडचा निकाल धरतो. डिप्लॉय फेल झालं आणि ‘टी’ने फाइल नीट लिहिली, तर स्टेप हिरवी! गिटहब ॲक्शन्सच्या लिनक्स रनरवर (जॉब चालवणाऱ्या मशीनवर) स्टेपमध्ये शेल सांगितलेला नसेल तर बॅश ‘पाइपफेल’शिवाय चालतो. ‘शेल: बॅश’ अशी ओळ स्पष्ट लिहिली की ‘पाइपफेल’ लागू होतो आणि मधली कमांड पडली तरी स्टेप लाल होते. एका ओळीचा बदल आहे, आजच करा.

दुसरी जागा ‘कंटिन्यू-ऑन-एरर’. कधीतरी एखादी टेस्ट सारखी पडत होती म्हणून कोणीतरी हे लावलं, टेस्ट नंतर दुरुस्त झाली, पण ओळ राहून गेली. अख्ख्या रिपॉझिटरीत हा शब्द शोधा. कमांडच्या शेवटी दोन उभ्या रेघा आणि ‘ट्रू’ लिहून चूक गिळलेली असते, तीही शोधा. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारायचा: हे फेल झालं तर आपल्याला कळायला हवं का?

तिसरी, वगळलेले जॉब. अट जुळली नाही म्हणून ‘स्किप’ झालेला जॉब गिटहब यशस्वी धरतो, आणि पुल रिक्वेस्टवरची सक्तीची तपासणीसुद्धा त्यावर पास होते. म्हणजे सिक्युरिटी स्कॅन चाललाच नाही, तरी मर्ज होतं.

कुबरनेटिस (अनेक मशीनच्या क्लस्टरवर कंटेनर चालवणारी यंत्रणा) वापरणाऱ्यांसाठी आणखी एक. ‘क्यूबसीटीएल अप्लाय’ ही कमांड क्लस्टरला निरोप देऊन लगेच परत येते. पुढे इमेज सापडली नाही किंवा पॉड (एकत्र चालणाऱ्या कंटेनरांचा गट) पुन्हा पुन्हा कोसळत राहिला, तरी तिला त्याचं सोयरसुतक नाही. तिच्यामागे ‘रोलआउट स्टेटस’ची स्टेप लावा. ती नवे पॉड तयार होईपर्यंत थांबते आणि ठरलेल्या मुदतीत झाले नाहीत तर फेल होते. ही मुदत मुळात ६०० सेकंदांची असते.

शेवटची जागा फार कमी जणांच्या लक्षात असते. जुना रन ‘री-रन’ केला की तो त्याच जुन्या कमिटवर चालतो. गेल्या आठवड्यातला पडलेला डिप्लॉय कोणी आज सहज पुन्हा चालवला, तर प्रॉडवर गेल्या आठवड्याचा कोड जातो, आणि टिक हिरवीच असते. म्हणून डिप्लॉयच्या सुरुवातीला एक स्टेप ठेवा: आत्ता चालू असलेली आवृत्ती ‘स्लॅश व्हर्जन’वरून वाचायची, आणि जाणारी आवृत्ती तिच्याहून जुनी असेल तर थांबायचं. मुद्दाम मागे जायचं असेल तर त्यासाठी वेगळा रस्ता असावा. त्याविषयी शेवटी सांगतो.

पायरी ५: प्रत्येक रनला एक पान द्या

हजारो ओळींचा लॉग कोणी वाचत नाही. २०२२ पासून गिटहबमध्ये ‘जॉब समरी’ची सोय आहे. ‘गिटहब_स्टेप_समरी’ या नावाचा एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल एका फाइलकडे बोट दाखवतो. त्या फाइलमध्ये मार्कडाउनमध्ये जे लिहाल ते रनच्या पहिल्या पानावर नीट मांडून दिसतं. एका स्टेपला १ एमबीपर्यंत लिहिता येतं, पण इतकं लिहायची वेळ आली तर समजा की तुम्ही लॉगच परत छापताय.

पान असं असावं:

आवृत्ती: २.१४.०, कमिट ४०७१९३२
कुठे: प्रॉडक्शन, चार सर्व्हर
आधी काय होतं: २.१३.४
काय बदललं: पावतीवर जीएसटी एक रुपयाने चुकत होता तो दुरुस्त, लॉगिनचा ओटीपी दोनदा जाणं बंद
मंजुरी: टीम लीड, दुपारी ४:१० भारतीय वेळ
तपासणी: चारही सर्व्हरवर २.१४.० दिसते, लॉगिन आणि पेमेंटची चाचणी पास
मागे जायचं तर: रोलबॅक वर्कफ्लोची लिंक

‘काय बदललं’ ही ओळ सपोर्टच्या माणसाला वाचून कळली पाहिजे. ‘रिफॅक्टर इनव्हॉइस हँडलर’ वाचून त्याला काहीच मिळत नाही. हा मजकूर पुल रिक्वेस्टच्या शीर्षकांतून आपोआप गोळा करता येतो, पण मग शीर्षकं तशी लिहायची सवय टीमला लावावी लागते, आणि त्याला टूलपेक्षा जास्त दिवस लागतात. तरी ते करण्यासारखं आहे.

समरी लिहिणाऱ्या स्टेपवर ‘ऑल्वेज’ची अट घाला. नाहीतर रन पडला की पानही येत नाही, आणि त्याची खरी गरज तेव्हाच असते.

पायरी ६: एन्व्हायर्न्मेंट नोंदवा

जॉबमध्ये ‘एन्व्हायर्न्मेंट’ची ओळ घालून स्टेजिंग, प्रॉडक्शन अशी नावं दिली की गिटहब प्रत्येक डिप्लॉयचा इतिहास स्वतःच ठेवतो. कुठे शेवटचं काय गेलं हे रिपॉझिटरीच्या पानावर दिसायला लागतं. मंजुरीची अटही इथेच लावता येते: सहापर्यंत माणसं किंवा टीम नेमता येतात, त्यांतल्या एकाने होकार दिला की पुरतं. मात्र खासगी रिपॉझिटरीत ही मंजुरीची सोय सगळ्या प्लॅनवर नसते, तेवढं आधी बघून घ्या.

एकाच वेळी दोन डिप्लॉय धावू नयेत म्हणून ‘कॉन्करन्सी’ लावतात, ते बरोबरच आहे. पण मूळ सेटिंगमध्ये रांगेत एकच रन थांबतो. तिसरा आला की थांबलेला दुसरा रद्द होतो. दुसऱ्याचा मालक समजतो की आपलं गेलं. त्याला कळवण्याची सोय नोटिफिकेशनमध्ये ठेवा. फक्त ‘फेल’वर संदेश पाठवत असाल तर ‘रद्द’ त्यातून निसटतं.

पायरी ७: संदेश कमी पाठवा, पण पूर्ण पाठवा

‘डिप्लॉय वर्कफ्लो फेल झाला, रन ४८२’ असा संदेश आला की वाचणाऱ्याला चार ठिकाणी क्लिक करून परिस्थिती समजून घ्यावी लागते. त्याऐवजी हा बघा: ‘प्रॉडक्शनवर २.१४.० जाताना चौथा सर्व्हर अडला. तीनवर नवी आवृत्ती, एकावर २.१३.४. साइट चालू आहे. बघणार: या आठवड्याचा ऑन-कॉल.’ खाली लॉगची लिंक. वाचणारा जेवत असला तरी पहिल्या दोन वाक्यांत त्याला कळतं की लगेच उठायचं की पाच मिनिटांनी.

यशाचे संदेश आणि अपयशाचे संदेश एकाच चॅनेलवर टाकू नका. दिवसभर हिरवे संदेश पडत राहिले की लोक चॅनेल म्यूट करतात, मग लालही दिसत नाही. अपयशाच्या संदेशात कोणी बघायचं हे नाव घालून किंवा जबाबदारी सांगून लिहा. ‘सगळ्यांना’ कळवलं की प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. नाइट कॅपिटलचे ९७ ईमेल एका गटालाच गेले होते.

ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या वर्कफ्लोंकडे जास्त लक्ष द्या. त्यांच्या नोटिफिकेशन क्रॉनची (वेळापत्रकाची) ओळ शेवटी ज्याने बदलली त्याला जातात. तो टीम सोडून गेला असेल तर कोणालाच कळत नाही. सार्वजनिक रिपॉझिटरीत ६० दिवस काही हालचाल झाली नाही तर असे वर्कफ्लो आपोआप बंद होतात. शिवाय क्रॉनची वेळ मुळात यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाण वेळेत) धरली जाते. आपल्याकडचे रात्री ११:३० म्हणजे तिथे १८:००. सोमवारी पहाटे ४ वाजता हवं असेल तर तिथे रविवार, २२:३० लिहावं लागतं. वार बदलतो, आणि इथे भले भले फसतात. पुण्यात बसून न्यूयॉर्कच्या क्लायंटसाठी रिलीज करणाऱ्यांना तर उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तासांचा फरक सांभाळावा लागतो. समरी आणि संदेश दोन्हींत वेळेपुढे ‘भारतीय वेळ’ किंवा ‘न्यूयॉर्क वेळ’ असं लिहाच.

आणि काम पडणं सोडा, ते सुरूच झालं नाही तर? तेव्हा फेल झाल्याचा संदेश पाठवायलाही कोणी नसतं. कधी संदेश निघतो, पण पोचत नाही. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब डॉट कॉमचा मुख्य डेटाबेस चुकून पुसला गेला, तेव्हा कळलं की रोजचे बॅकअप कधीपासून होतच नव्हते. बॅकअपचं टूल जुन्या आवृत्तीचं, डेटाबेस नवा, म्हणून काम दर वेळी पडत होतं. ते सांगणारे ईमेल निघतही होते, पण मेल सर्व्हर ते नाकारत होता. सुमारे सहा तासांचा डेटा गेला. गिटलॅबने हे सगळं स्वतः जाहीरपणे लिहिलं, त्याबद्दल त्यांचे आभार मानायला हवेत.

यावरचा उपाय आपल्या घरांत जुना आहे: ‘पोचलास की फोन कर.’ फोन आला नाही की घरचे स्वतःहून चौकशी सुरू करतात. तसंच, काम यशस्वी झालं की त्याने पाइपलाइनच्या बाहेरच्या एखाद्या सेवेला पिंग करावं, आणि ठरलेल्या वेळेत पिंग आला नाही तर त्या सेवेने आरडाओरडा करावा. अशा सेवा तयार मिळतात, छोट्या वापराला फुकटही. रात्रीचा बॅकअप, सर्टिफिकेट नूतनीकरण, आठवड्याचं रिलीज, या सगळ्यांना ही सोय लावा.

पायरी ८: दिसावं, पण गुपितं दिसू नयेत

लॉग मोकळे करताना पासवर्ड आणि टोकन सांभाळा. गिटहब नोंदवलेली सीक्रेट्स लॉगमध्ये तारांकित करतो, पण त्याच सीक्रेटचं रूप बदललं, उदाहरणार्थ बेस६४ या वेगळ्या अक्षररूपात लिहिलं, की त्याला ओळखता येत नाही. मार्च २०२५ मध्ये ‘टीजे-ॲक्शन्स’ची ‘चेंज्ड-फाइल्स’ ही लोकप्रिय ॲक्शन (वर्कफ्लोत वापरायचा, दुसऱ्याने लिहिलेला तयार तुकडा) कोणीतरी ताब्यात घेतली आणि ती वापरणाऱ्या वर्कफ्लोंची सीक्रेट्स अशाच बदललेल्या रूपात लॉगमध्ये छापली. ती वापरणाऱ्या रिपॉझिटरी २३,००० च्या वर होत्या. ज्या सार्वजनिक होत्या त्यांचे लॉग कोणालाही वाचता येत होते. हल्लेखोराने जुने आवृत्तीचे टॅगच वाईट कमिटकडे वळवले होते. म्हणून बाहेरच्या ॲक्शन टॅगने न घेता पूर्ण ४० अक्षरी कमिट हॅशने घ्या.

लॉग किती दिवस राहतात तेही बघून ठेवा. मूळ सेटिंग ९० दिवसांची आहे. खासगी रिपॉझिटरीत ती ४०० दिवसांपर्यंत वाढवता येते. ऑडिट असणाऱ्या कंपन्यांत वर्षभराची नोंद मागतात, तेव्हा समरीतला मजकूर रिलीजच्या नोंदीतही उतरवून ठेवलेला बरा.

आकडे कधी मोजायचे? वरचं सगळं बसल्यावर. रिलीज किती वेळा होतं, कमिटपासून प्रॉडपर्यंत किती वेळ लागतो, किती रिलीज बिघडतात आणि सावरायला किती वेळ लागतो, हे चार आकडे पुरतात. आवृत्त्यांची नोंद नीट असेल तर ते तिच्यातूनच निघतात. माणसांची तुलना करायला ते वापरू नका. त्या दिवसापासून लोक नोंदी सजवायला लागतात.

पायरी ९: मागे जाण्याचा रस्ताही दिसता ठेवा

रोलबॅक बहुतेक ठिकाणी कोणाच्या तरी लॅपटॉपवरून, घाईत, हाताने होतो. मग पाइपलाइनचा इतिहास म्हणतो २.१४.०, सर्व्हर म्हणतो २.१३.४, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी येणारा गोंधळतो. रोलबॅकसाठी वेगळा वर्कफ्लो करा, हाताने सुरू करायचा, दोन रकाने असलेला: कुठल्या आवृत्तीवर जायचं आणि का. ‘का’ सक्तीचं ठेवा. तेच कारण रन-नेममध्ये, समरीत आणि संदेशात जाऊ द्या. नवी बिल्ड करू नका, आधी तयार झालेली जुनी इमेजच पुन्हा लावा. नाहीतर तोच कमिट असूनही आतली एखादी लायब्ररी नवी यायची.

डेटाबेसच्या रचनेत बदल झाला असेल तर कोड मागे गेला तरी टेबल मागे जात नाहीत. अशा रिलीजच्या समरीत ‘मागे जायचं तर’ या ओळीपुढे आधीच लिहा: ‘थेट जाता येणार नाही, आधी डेटाबेसच्या माणसाशी बोला.’

महिन्यातून एकदा स्टेजिंगवर हा वर्कफ्लो चालवा, आणि चालवायला टीममधल्या सगळ्यांत नव्या मुलीला किंवा मुलाला बसवा. शेजारी बसा, पण बोलू नका. जिथे ती अडेल त्या जागेचं नाव, संदेश किंवा समरीची ओळ त्याच दिवशी दुरुस्त करा.